तळमजल्यावर लाकडी जमीन करून घेताना मी कशी फसले

माझा कथकचा वर्ग विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर भरतो. खोली बावीस बाय सोळा फुटांची, खाली मोझॅकच्या लाद्या. चौदा वर्षं मुली त्याच लाद्यांवर तत्कार, म्हणजे तालात पाय आपटण्याचा सराव, करत आल्या. काँक्रीटवर घट्ट बसवलेल्या लादीवर पाय मारला की दणका जिरत नाही, तो टाचेतून नडगीत आणि नडगीतून गुडघ्यात चढतो. २०२४ च्या जानेवारीत माझ्या दोन मोठ्या विद्यार्थिनींना डॉक्टरांनी महिनाभर नाच बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की आता लाकडी जमीन करायचीच.

त्या जमिनीवर मी एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च केले आणि तीन महिन्यांत ती उखडून टाकावी लागली. सविस्तर लिहिते आहे, कारण मुंबईत तळमजल्यावर क्लास, दवाखाना किंवा घर असलेल्या माणसाला हे काम याच गोड शब्दांत विकलं जातं.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव मला वर्गातल्याच एका मुलीच्या आईने दिलं होतं. तिच्या घरी त्याने बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग केलं होतं आणि ते छान टिकलं होतं. ते घर सहाव्या मजल्यावर आहे, ही गोष्ट तेव्हा तिच्या किंवा माझ्या डोक्यात आलीच नाही. सहाव्या मजल्याच्या स्लॅबखाली पाचव्या मजल्याची खोली असते. माझ्या खोलीखाली जमीन आहे.

गृहस्थ बोलायला अतिशय चांगला. एप्रिलमध्ये पाहायला आला तेव्हा चपला बाहेर काढून, उंबऱ्याला हात लावून आत आला. "ताई, कलेचं काम आहे, यात मी कमावणार नाही," म्हणाला. मी त्याला ओलीबद्दल स्वतःहून विचारलं होतं, कारण पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीला आमच्याकडे पोपडे धरतात. त्यावर त्याने बॅगेतून दोन सुया असलेलं एक छोटं यंत्र काढलं, सुया लादीवर टेकवल्या आणि हिरवा दिवा दाखवला. "बघा, झिरो मॉइश्चर." खोलीत चार ठिकाणी त्याने हेच केलं, चारही ठिकाणी हिरवा दिवा.

ते मीटर लाकडातला ओलावा मोजण्यासाठी असतं. दोन सुयांमधून किती वीज वाहते त्यावरून ते लाकूड किती ओलं आहे हे सांगतं, आणि त्याचे आकडे लाकडासाठीच बसवलेले असतात. पॉलिश केलेल्या, एप्रिलच्या उन्हाळ्यात वरून खडखडीत वाळलेल्या लादीवर सुया टेकवल्या तर हिरवाच दिवा लागणार. लादीखालच्या काँक्रीटमध्ये काय आहे हे त्याने मोजलंच नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी तो हिरवा दिवा पाहून निर्धास्त झाले.

कोटेशन त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते मी पुसलं नाही, हीच एक शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून घडली. त्यात लिहिलं होतं: २०० मायक्रॉन प्लास्टिक शीट डबल लेयर, त्यावर ट्रीट केलेल्या लाकडी बॅटन (प्लायखाली आधाराला घालतात त्या पट्ट्या), रबर पॅड, त्यावर वॉटरप्रूफ प्लायचे १२ मिलिमीटरचे दोन थर, वरून डान्सचं व्हिनाइल, १० वर्षं वॉरंटी. तीनशे बावन्न चौरस फुटांचे घासाघीस करून एक लाख ऐंशी हजार ठरले. एक लाख आठ हजार ॲडव्हान्स, उरलेले काम संपल्यावर. जीएसटीचं पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, अठरा टक्के तुमचेच जातील, मी चलान देतो ना." तेही मी मान्य केलं. हातात आलेल्या चलानवर फक्त 'प्लायवूड १२ एमएम, २४ नग' एवढंच होतं. कंपनी नाही, ग्रेड नाही.

मे महिन्यात काम झालं, सहा दिवसांत. त्यातले मधले दोन दिवस मी साताऱ्याला चुलतभावाच्या लग्नाला गेले होते. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला प्लायच्या शिटा दाखवल्या होत्या. वरच्या दोन शिटांवर आयएसआयचा शिक्का होता आणि ७१० हा आकडा होता. परत आले तेव्हा जमीन तयार होती आणि पोरं वरचं व्हिनाइल पसरत होती. म्हणजे प्लास्टिक, बॅटन आणि प्लायचा खालचा थर हे तीनही मी नसताना झाले. लग्नाची तारीख त्याला मीच सांगितली होती.

९ जूनला पाऊस मुंबईत आला. महिनाभर सगळं उत्तम होतं. नव्या जमिनीवर घुंगरांचा आवाज असा उठायचा की छोट्या मुली उगाच चक्कर मारत राहायच्या. २१ जुलैला गुरुपौर्णिमा होती, तेव्हा खोलीत पहिल्यांदा वास जाणवला, ओल्या गोणपाटासारखा. वाटलं, पालकांच्या छत्र्या आणि चपलांचा असेल. उदबत्ती लावली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दहा वर्षांची एक मुलगी तत्कार करता करता थांबली आणि म्हणाली, "ताई, इथे आवाज बसलाय." मी तिच्या जागेवर उभी राहिले. खरंच, 'ता थेई थेई तत्' चा शेवटचा 'तत्' जिथे खणखणीत यायला हवा तिथे पाय कणकेत मारल्यासारखा आवाज येत होता. खिडकीच्या बाजूने पावलापावलाने पाय मारत गेले. जवळजवळ एक तृतीयांश खोली बसलेली होती. व्हिनाइलवर हात फिरवला तर दोन शिटांच्या सांध्यावर उंचवटा लागला, नखाएवढा. त्या उंचवट्याला एखादीचा पाय लचकला असता तर? या विचाराने मी त्याच दिवशी वर्ग बंद केला.

त्याला फोन केला. पहिल्या दिवशी "उद्या येतो". मग चार दिवस फोन नाही. मग उत्तर आलं की ८ जुलैच्या पावसात पाणी आत शिरलं असणार, वॉरंटीत पूर बसत नाही. त्या पहाटे मुंबईत सहा तासांत काही भागांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता हे खरं. पण आमची इमारत जोत्यावर आहे, चार पायऱ्या चढून वर यावं लागतं, आणि त्या दिवशी पाणी दुसऱ्या पायरीच्या वर आलं नव्हतं. वॉचमनने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. तो फोटो मी कॉन्ट्रॅक्टरला पाठवला. मग म्हणाला, तुम्ही ओल्या फडक्याने पुसत असाल.

तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचे काका माझ्या मदतीला आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर आहेत. त्यांनी सांगितलं, आधी फोटो, मग उघडायचं, आणि उघडतानाही व्हिडिओ. गणपती ७ सप्टेंबरला होते, त्याआधी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या ओळखीच्या, मूळ राजापूरच्या एका म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावून खिडकीजवळची एक शीट उचलली.

प्लायची खालची बाजू काळपट-हिरवी झाली होती आणि तिच्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी होती. मामांनी कडेला अंगठा दाबला तर थर पुठ्ठ्यासारखे सुटले. बॅटन पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या चिरून केलेल्या होत्या. एकीच्या पोटावर इंग्रजीत छापलेली 'वरची बाजू' अशी खूण आणि बाण तसाच होता. रबर पॅडच्या जागी चपलेला असतो तसा फोम. बॅटन दर दीड फुटाला स्क्रू मारून खाली काँक्रीटमध्ये आवळलेल्या, म्हणजे त्यांच्याखालच्या प्लास्टिकला शंभराच्या वर भोकं. आणि प्लास्टिक भिंतीपासून चार बोटं आधीच संपलेलं. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येत होत्या तिथे ना टेप, ना पुरेसा चढ. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब होते, बारीक, एकसारखे, पातेल्याच्या झाकणाच्या आत धरतात तसे.

ते थेंब पाहूनच मला सगळं समजलं. पाणी वरून आलेलंच नव्हतं. जुन्या इमारतींत तळमजल्याला दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, त्यावर कोबा आणि लादी, एवढंच असतं. काँक्रीट ओतण्याआधी खाली प्लास्टिक अंथरायची पद्धत बहुतेक ठिकाणी नव्हती. काँक्रीटला बारीक छिद्रं असतात आणि खालच्या मातीतलं पाणी त्यातून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. लादी उघडी असते तोवर ही ओल सांध्यांमधून हळूहळू उडून जाते, आपल्याला कळतही नाही. तिच्यावर लाकूड आणि व्हिनाइल झाकलं की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती लाकडात जिरते. म्हणून तळमजल्यावर लाकडी जमिनीचं खरं काम तळाच्या प्लास्टिकचं असतं. वरचं सगळं त्याच्या जिवावर उभं असतं.

काकांनी एक मीटर बाय एक मीटरचा प्लास्टिकचा तुकडा नीट मोजून कापला, पुसून वाळवला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४६ ग्रॅम भरला. त्यांनी वहीच्या मागे हिशोब करून दाखवला. पॉलिथिनच्या एका घनमीटरचं वजन साधारण ९२० किलो. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ४६ ग्रॅम म्हणजे ५० मायक्रॉन. एक चतुर्थांश, आणि तेही एकच थर. माझ्या खोलीला दोन थर आणि चढ धरून तेरा-चौदा किलो प्लास्टिक लागलं असतं, तिथे दीड किलो आलं होतं. नंतर दुकानात भाव विचारला. वाचवलेल्या प्लास्टिकची किंमत दोन हजारांच्या आसपास निघाली. दोन हजारांसाठी त्याने माझी एक लाख ऐंशी हजारांची जमीन कुजवली. मला सगळ्यात जास्त हेच लागलं, आणि अजून लागतं.

हा वजनाचा हिशोब प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाही नीट कळत नाहीत. किराणा मोजायचा काटा प्रत्येक घरी असतो.

आता प्लाय. २४ शिटांपैकी शिक्का असलेल्या फक्त त्या दोन निघाल्या, ज्या मला दाखवल्या होत्या. त्या त्याने दाराजवळ वरच्या थरात बसवल्या होत्या. बाकीच्या शिटांवर जिथे शिक्का असायला हवा तिथे पॉलिशपेपर मारल्याचे डाग होते. दोन शिटांवर तो मारायचा राहून गेला होता आणि तिथे स्पष्ट 'एमआर' आणि ३०३ हा आकडा होता.

एमआर म्हणजे 'मॉइश्चर रेझिस्टंट'. नाव ऐकून कुणालाही वाटेल की ओलीला टिकणारी, म्हणजे आपल्याला हवी तीच. पण ती हवेतला दमटपणा सोसेल इतपतच असते. कपाटं, खोलीतलं फर्निचर यांच्यासाठी. सतत ओल लागणाऱ्या जागेसाठी आयएस ७१० ची, जिला दुकानात मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात ती लागते. तिच्या परीक्षेत नमुना ७२ तास उकळतात आणि थर सुटलेले चालत नाहीत. दोन्हींमधला मुख्य फरक चिकटवणाऱ्या रेझिनचा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. मामांनी दोन्ही शिटांचा एकेक तुकडा पातेल्यात उकळायला लावला. चार तासांनी शिक्क्याच्या शिटेचा तुकडा होता तसा होता. दुसऱ्याचे थर पाण्यात वेगवेगळे तरंगत होते. त्याचाही व्हिडिओ आहे.

रे रोडच्या लाकूडबाजारात विचारलं तेव्हा दोन्हींच्या भावात चौरस फुटामागे चाळीसेक रुपयांचा फरक निघाला. चोवीस शिटांचे जवळजवळ तीस हजार होतात. आयएसआयच्या खुणेजवळ लायसन्सचा नंबर असतो, तो सरकारच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर घातला की कंपनी आणि वस्तू खरी की खोटी ते तिथल्या तिथे कळतं. हे मला मे महिन्यात माहीत असतं तर प्रत्येक शीट उलटून पाहायला अर्धा तास लागला असता.

हे सगळं घेऊन मी त्याला भेटले. काका बरोबर होते. फोटो पाहून त्याने एवढंच म्हटलं, "ताई, मजुरांनी चूक केली असेल, मी तिथे नव्हतो." पंचवीस हजार देऊन मिटवायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. ज्या आईने त्याचं नाव सुचवलं होतं ती घरी येऊन रडली, तिला मी समजावलं की तुझा यात काहीच दोष नाही, आणि तो नव्हताच.

पुढचं थोडक्यात सांगते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवली, त्याने तिकडे उत्तरच दिलं नाही. मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस. २०२५ च्या फेब्रुवारीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मला भीती होती की क्लास म्हणजे धंदा, तर आपण ग्राहक ठरू का? पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहकच धरलं आहे. पक्कं बिल नसल्यामुळे त्रास झाला, तो मी सोसते आहे. व्हॉट्सॲपचं कोटेशन, बँकेतून गेलेले पैसे, व्हिडिओ आणि प्लायचे तुकडे यांच्यावर सगळं उभं आहे. ॲडव्हान्स रोखीने दिला असता तर हातात काहीच उरलं नसतं.

जमीन आम्ही पुन्हा केली, कर्ज काढून, आणि या वेळी मी प्रत्येक दिवशी तिथे बसले. सगळं उखडल्यावर काकांनी आधी ओलीची तपासणी करायला लावली. दीड फूट बाय दीड फुटाचं जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारही बाजूंनी हवा जाणार नाही असं टेपने जमिनीला चिकटवायचं, आणि निदान सोळा तास हात लावायचा नाही. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा जमिनीचा रंग गडद झाला, तर ओल आहे. आमच्याकडे सप्टेंबरात तीन जागी असं करून पाहिलं, तिन्ही जागी थेंब होते. हीच तपासणी मे महिन्यात केली तर कोरडी येऊ शकते, कारण तेव्हा मातीतलं पाणी खाली गेलेलं असतं. उन्हाळ्यात कुणी कोरडं दाखवून काम घेत असेल तर त्याला सांगा, पावसाळा जाऊ दे.

आम्ही डिसेंबरपर्यंत थांबलो, दारं-खिडक्या उघड्या टाकून. पोकळ वाजणाऱ्या लाद्या काढून जागा भरून घेतली, सगळी जमीन मशीनने घासून घेतली, वर इपॉक्सीचे ओल अडवणारे दोन हात मारले. त्यावर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक. प्रत्येक रोलचा तुकडा मी स्वतः वजन करून घेतला, एक १८१ ग्रॅम भरला, दुसरा १८६. पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवून सांध्याला टेप, आणि कडा भिंतीवर तीन इंच वर वळवलेल्या. बॅटन औषध मारलेल्या, खऱ्या रबर पॅडवर नुसत्या ठेवलेल्या, खाली एकही स्क्रू नाही. प्लायचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे, आणि भिंतीपासून सगळीकडे दहा मिलिमीटर मोकळे, कारण आपल्या हवेत लाकूड जुलैत फुगतं आणि त्याला पसरायला जागा लागते. वरच्या स्कर्टिंगला हवा खेळायला फटी ठेवल्या आहेत. झाकण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढले, मोजपट्टी शेजारी ठेवून.

खिडकीजवळच्या कोपऱ्यात मामांनी एक फूट बाय एक फुटाचा तुकडा वेगळा ठेवला आहे, चार स्क्रू काढले की उचलता येईल असा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाकडून हा तुकडा मागून घ्या. कॉन्ट्रॅक्टर नाही म्हणाला तर तिथेच विचारा, का नाही?

या ऑगस्टमध्ये, दहा दिवस सलग पाऊस झाल्यावर, तो उघडून मी कोपरापर्यंत हात आत घातला. प्लास्टिक कोरडं होतं, टेप जागच्या जागी होती, वास लाकडाचा होता. 'आवाज बसलाय' म्हणणारी ती मुलगी शेजारी उभी होती. तिनेही हात घालून पाहिला. आयोगातली पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. ४६ ग्रॅमचा तो तुकडा मी घडी घालून पाकिटात ठेवला आहे, त्या दिवशी बरोबर न्यायचा आहे.